वनचुरीची हिरवीगार भाजी

मुलीच्या सासरची माणसं दुपारच्या जेवणाला यायची होती आणि सकाळपासून बोक-सिलला करायला काहीही नव्हतं.

ती मुलीची आई. असल्या दिवशी मुलीच्या आईला मरायलाही सवड नसते असा जगाचा रिवाज. पण हॉ घराण्यात दोन कामं कधी बाहेरच्या माणसाकडे गेली नव्हती: पूर्वजांची नावं पाठ म्हणणं आणि रानभाजी करणं. पहिलं मामंजींकडे होतं, दुसरं वन्संकडे. बोक-सिल या घरात नांदायला लागून तिची मुलगी लग्नाला आली, तरी ती अजून बाहेरच्यांतच मोडत होती, कारण तिचं माहेर समुद्राकाठचं. इंजेच्या डोंगरात मासा ओळखणाऱ्या बाईला मान असतो, पण तो पाहुण्याला असतो तसा.

एरवी भागून जायचं. ती मासे करी, वन्सं भाज्या करीत, आणि मध्ये भाताची हंडी सरहद्दीवरच्या चौकीसारखी उभी असे. पण लेकीची, नारेची होणारी सासू निव्वळ भाजीपाल्यावर राहणारी निघाली. मठातल्या भिक्षुणीकडून व्रत घेतलेली. मासा नाही, मांस नाही, अंडं नाही, लसूण आणि कांद्याची पातसुद्धा नाही.

"मग मी काय करू?" बोक-सिलनं नवऱ्याला विचारलं होतं.

दोक-बेनं बराच विचार केला. "तू हसतमुख राहा," तो म्हणाला.

इकडे दोन्ही घरची माणसं पहिल्यांदा भेटतात ती हॉटेलात, एखादी खोली घेऊन. तिथे निदान जेवणाचा दोष आचाऱ्याला देता येतो. पण मामंजींनी फर्मान काढलं की हॉटेलात त्यांनी जेवावं ज्यांच्या घरची चूल विझली आहे. त्यामुळे वनजूहून दोन तासांचा घाट चढून विहीण, व्याही आणि जावई हॉ घराण्याच्या चुलीपाशी येत होते, आणि त्या चुलीपाशी पदर खोचल्याच्या थाटात वन्सं उभ्या होत्या.

माल-सुक वन्सं दोक-बेच्या थोरल्या बहीण. लग्नानंतर चारच वर्षांत नवरा गेला आणि त्या माहेरी परत आल्या. आल्या त्या दिवशी सामान ठेवलं, टोपली घेतली, रानात गेल्या. आणि संध्याकाळी भाजी घेऊन परतल्या तेव्हा कुणाची त्यांना 'किती दिवस राहणार' असं विचारायची हिंमत झाली नाही.

"वन्सं, मी काही करू का?"

"ताटल्या पूस."

"पुसल्या."

"मग परत पूस. विहिणीचं चष्म्याचं दुकान आहे, तिला डाग दिसतात."

बोक-सिलनं ताटल्या परत पुसल्या. मोरीपाशी घमेल्यात वनचुरीचे कोंब पाण्यात पडले होते. उन्हाळ्यात केशरी फुलं येतात त्या लिलीचे हे कोवळे कोंब; बर्फ वितळला की जमिनीतून हिरव्या जिभेसारखे वर येतात, आणि वसंतात पहिल्यांदा ताटात येणारी भाजी तीच. पण वन्संनी ते पहाटेच उकळून पाण्यात घातले होते आणि सारखं पाणी बदलत होत्या. आता त्यांचा रंग जुन्या मोज्यासारखा झाला होता.

"एवढं कशाला भिजवायचं?" बोक-सिलनं विचारलं. हा प्रश्न ती दर वसंतात विचारायची.

"भिजवायचं असतं म्हणून," वन्सं म्हणाल्या. हे उत्तर त्या दर वसंतात द्यायच्या. मग हात पुसून म्हणाल्या, "मी कपडे बदलून येते. घमेल्याला हात लावू नकोस."

ते शेवटचं वाक्य त्या बोलल्या नसत्या तर कदाचित काही झालं नसतं.

बोक-सिल घमेल्याकडे बघत राहिली. तिच्या एकुलत्या एका मुलीची सोयरीक, आणि मेजावर आईच्या हातचं काय? पुसलेल्या ताटल्या! तिला वाटलं, वन्सं काय, सगळंच भिजवतात. कडधान्यं भिजवतात, टॉवेल भिजवतात, जुनं भांडणसुद्धा भिजवून ठेवतात. फ्रीजमध्ये उद्यासाठी ठेवलेली कोंबांची एक ताजी जुडी होती. पाणी उकळतच होतं.

जुडी पाण्यात गेली, ढवळली, आणि लगेच गार पाण्यात आली. काय तो रंग! पाचूसारखा. तिनं ती हलक्या हातानं पिळली, मीठ घातलं, तिळाचं तेल सोडलं, भाजलेले तीळ चुरडून भुरभुरले आणि बोटांनी कालवली. लसूण नाही, पात नाही. चव घेतली नाही, कारण फाटकाशी गाडीचा आवाज आला. तिनं घमेलं उचलून परसातल्या मडक्यांच्या ओळीमागे नेऊन ठेवलं. प्रेत लपवताना माणूस चालत असेल तशी ती चालली.

व्याही जाडजूड आणि शांत होते, जावई हान-ग्योल बारीक आणि घाबरलेला. विहीणबाई मात्र छोट्या, ताठ, आणि घरात शिरल्यावर पहिल्यांदा खिडक्यांच्या काचांकडे बघणाऱ्या. बोक-सिलनं मनातल्या मनात वन्संना एक गुण दिला.

सगळे बसक्या मेजाभोवती बसले. मामंजी मानाच्या टोकाला, त्यांच्या हाताशी व्याही. नारे मान खाली घालून, कारण आज तिनं मान खाली घालायची होती. एरवी ती इंजेच्या बस-डेपोत वाहतूक नियंत्रक होती आणि ड्रायव्हर तिला घाबरायचे.

"अगंबाई, हिरवं किती!" विहीणबाई ताटलीकडे बघून म्हणाल्या. "आमच्या मठातसुद्धा अशी वनचुरी नसते."

"माझ्या लेकीचा हात आहे," मामंजी म्हणाले आणि वन्संकडे बोट दाखवलं.

विहीणबाईंनी एक घास घेतला, डोळे मिटले, दुसरा घेतला. व्याह्यांनी घेतला, मामंजींनी घेतला, दोक-बेनं घेतला, जावयानं आणि नारेनंही घेतला.

वन्संनी त्या ताटलीकडे पाहिलं. मग चॉपस्टिकनं एकच कोंब उचलून तोंडात टाकला आणि चावायच्या थांबल्या. बोक-सिलकडे वळून अगदी ओठांतल्या ओठांत म्हणाल्या, "ती ताटली आत ने."

"का?"

"ने म्हणते ना."

जळल्या, बोक-सिलला वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा माझी भाजी कुणी डोळे मिटून खाल्ली, तर हिला ती आत न्यायची आहे! तिनं ताटली उचलली, आणि आत न्यायच्या ऐवजी विहीणबाईंच्या पुढ्यात ठेवली. "घ्या ना, विहीणबाई. संकोच नको."

आणि मग वन्सं वागल्या ते आजवर हॉ घराण्यात कुणी वागलं नव्हतं. त्यांनी हात लांब करून पाहुण्यांच्या पुढ्यातली ताटली स्वतःकडे ओढली आणि खायला लागल्या. एकेक कोंब नव्हे, बकाणे. भात न घेता, न थांबता.

मामंजींचा हात हवेत राहिला.

"वन्संना फार आवडते," बोक-सिल कसनुसं हसत म्हणाली आणि ताटली परत विहीणबाईंकडे सरकवली.

वन्संनी ती परत ओढली.

"आत्या," नारे दबक्या आवाजात म्हणाली.

"भूक लागलीय," वन्सं भरल्या तोंडानं म्हणाल्या.

बोक-सिलनं ताटलीची एक कड धरली, वन्संनी दुसरी. दोघी हसत होत्या, कारण पाहुणे बघत होते. ताटली एकदा इकडे, एकदा तिकडे. हान-ग्योलची मान तिच्याबरोबर हलत होती. शेवटी वन्संनी सरळ ताटली उचलली, तोंडाला लावली, आणि उरलेली भाजी चॉपस्टिकनं आत लोटली. तेलसुद्धा प्यायल्या.

बोक-सिलला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. व्याह्यांनी नॅपकिनची घडी घातली, उलगडली, परत घातली. विहीणबाई वन्संकडे अशा बघत होत्या जसं काही त्या मनात त्यांच्या चष्म्याचा नंबर काढत होत्या.

अब्रू सावरायला मामंजींनी पूर्वज काढले. मूळ पुरुषापासून ते एकेका पिढीचं नाव, हुद्दा आणि मृत्यूचं कारण सांगत निघाले. व्याही मान डोलावत होते. दुपार कलली. चहा झाला, नासपती झाली. मामंजी राजदरबारातून हाकललेल्या एका पूर्वजापर्यंत आले आणि मध्येच थांबले. घराण्याच्या इतिहासात ते कधी थांबले नव्हते.

"क्षमा असावी," ते म्हणाले आणि पोटावर हात ठेवला.

तेवढ्यात व्याह्यांनीही ठेवला.

घरात संडास एकच. त्याच्या दारात दोघेही एकदम पोचले.

"आधी आपण," मामंजी म्हणाले. "आपण पाहुणे."

"छे छे, आपण वडील. आपल्या आधी मी कसा जाऊ?"

"माझ्या घरात पाहुणा तिष्ठत उभा? माझ्या बापाला काय वाटेल!"

"आणि माझ्या बापाला?"

दोघांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला. वाकणं ही चूक होती. दोघेही बराच वेळ वर आले नाहीत. तोवर दोक-बे भिंत धरत धरत आला आणि दोघा वाकलेल्यांच्या मधल्या जागेतून आत शिरला. घराण्याचा तो एकुलता एक मुलगा. आतून त्याचा आवाज आला, "बाबा, माफ करा," आणि मग बोलण्यासारखं काही उरलं नाही. विहीणबाईंनी पर्स उघडून रुमाल काढला, तो तोंडाला लावला आणि परसातल्या पाण्याच्या नळाकडे ताठ मानेनं चालत गेल्या. हान-ग्योल गाडीत बसून कुठल्यातरी पेट्रोलपंपाच्या शोधात निघून गेला. नारे हातात बादली घेऊन उभी होती आणि डेपोतल्यासारखी ओरडत होती, "एकेक जण! एकेक जण!"

बोक-सिल एकटी ठणठणीत होती. वाढण्याच्या गडबडीत तिनं एकही कोंब खाल्ला नव्हता. ती सगळ्यांना पाणी देत फिरत होती, आणि सगळं घर पिवळं पडलेलं असताना आपले गाल लाल आहेत याची तिला लाज वाटत होती.

वन्सं मागच्या खोलीत होत्या. गावच्या आरोग्य केंद्रातली नर्स बोलावून आणली, तिनं त्यांना सलाईन लावलं, बाटली कोटाच्या खुंटीला अडकवली.

"काय खाल्लं सगळ्यांनी?" नर्सनं विचारलं.

"टोफू," वन्सं डोळे न उघडता म्हणाल्या. "बाजारचा. शिळा असेल."

नर्स हात धुवायला गेली. वन्संचा चेहरा घमेल्यातल्या भाजीच्या रंगाचा झाला होता.

"घमेलं कुठंय?" त्यांनी विचारलं.

बोक-सिलनं त्यांचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, "मडक्यांच्या मागे."

"वनचुरीत विष असतं. उकळून, पाण्यात ठेवून ते उतरवावं लागतं. म्हणून भिजवायचं."

बोक-सिलनं हातातलं पाण्याचं भांडं बाजूला ठेवलं. ती खाली बसली. ताटली, ओढाताण, तो भरल्या तोंडानं खाण्याचा आवाज, तेल पिणं, सगळं एकदम उलटं फिरून तिच्या अंगावर आलं. ती विहिणीला विष वाढत होती. हसून, आग्रह करकरून. आणि या बाई ते ओढून ओढून स्वतः खात होत्या.

"सांगायचं ना, वन्सं! ओरडायचं!"

"काय ओरडू? विहीणबाई, थुंका, मुलीच्या आईनं विष घातलंय? लग्न तिथंच मोडलं असतं." वन्संनी थुंकी गिळली. "त्यानं माणूस मरत नाही. नुसतं लाजतं."

"दर वर्षी विचारत होते मी, का भिजवता. एकदा तरी सांगायचंत."

वन्संनी नजर छताकडे वळवली. "सांगितलं असतं तर तुलाही ही भाजी जमली असती," त्या म्हणाल्या. "मग या घरात माझं काय काम होतं?"

बाहेर कुणीतरी दार लावलं, कुणीतरी उघडलं.

"हे बघ," वन्सं म्हणाल्या, "बाहेर टोफूच सांग. आणि माझं विचारलं तर म्हण, हावरट आहे. हावऱ्या आत्यापायी कुणाची सोयरीक मोडत नाही. विष घालणाऱ्या आईपायी मोडते. जा."

बोक-सिल उठली. तिला हायसं वाटलं होतं. चालता चालता तिच्या ते ध्यानात आलं, आणि विहिणीसमोर जाईपर्यंत तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

बैठकीत सगळे भिंतींना टेकून बसले होते, लढाई हरलेल्या सैन्यासारखे. टोफूवाल्याला शिव्या घालून झाल्या होत्या. विहीणबाई मात्र टेकल्या नव्हत्या. त्यांची पर्स मांडीवर होती.

"टोफूचं समजलं," त्या म्हणाल्या. "होतं असं. पण रागावू नका, मला एक विचारायलाच हवं. उद्या नातवंडं होतील. त्या तुमच्या बहीण... पहिल्यापासून अशाच आहेत का?"

दोक-बेनं घसा साफ केला. "ताई ना? लहानपणापासून. शेजारच्यांची पर्सिमनची फळं चोरून खायची. झाडच्या झाड."

ती फळं दोक-बेनं चोरली होती. बोक-सिलला हे ठाऊक होतं, कारण लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यानंच हे मोठ्या फुशारकीनं सांगितलं होतं.

"आणि दुष्काळात," मामंजी क्षीण आवाजात म्हणाले, "देवापुढचा भात."

"आजोबा, आत्या दुष्काळात होती कुठं?" नारे म्हणाली.

"दुसऱ्या दुष्काळात," मामंजी म्हणाले. घराण्याचा इतिहास त्यांच्या ताब्यात होता. "तेव्हापासून हिला आम्ही वेगळं वाढतो."

"कोंबड्यांचं खाद्य पण," दोक-बे म्हणाला. आता त्याला थांबवत नव्हतं. "एकदा लग्नात नवरीच्या ताटातलं—"

बघता बघता माल-सुक वन्संच्या आयुष्यभराची अब्रू गेली, आणि ती घालवणारे त्यांचाच बाप आणि भाऊ होते, त्यांच्याच भाचीच्या भल्यासाठी. विहीणबाई ऐकत होत्या. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, डोळ्यांवर चढवला आणि बोक-सिलकडे पाहिलं.

"विहीणबाई, तुम्ही त्यांच्याबरोबर इतकी वर्षं एका चुलीवर काढलीत. तुम्ही सांगा. पुरुषांना काय कळतं?"

दोक-बेनं बायकोकडे पाहून भुवया उंचावल्या. हसतमुख राहा, असा त्याचा अर्थ होता.

"वन्सं..." बोक-सिल म्हणाली. पुढचा शब्द तयार होता, फक्त बाहेर सोडायचा होता. "वन्सं हावऱ्या नाहीत. आयुष्यात त्यांनी कधी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. ती भाजी त्यांची नव्हती. माझी होती."

"टोफू," दोक-बे घाईनं म्हणाला.

"टोफू नाही. वनचुरी. भिजवली नव्हती मी. त्यांची भिजवलेली लपवून ठेवली आणि माझी वाढली. हिरवी दिसावी म्हणून. एका घासात त्यांना कळलं. त्या आत ने म्हणाल्या, मी तुमच्या पुढ्यात ठेवली."

विहीणबाई हलल्या नाहीत. "तुम्ही आग्रह करत होतात."

"हो."

"आणि त्या ओढत होत्या."

"हो."

"आई?" नारे म्हणाली. एवढंच. बोक-सिलला तिच्याकडे बघवेना. मुलीच्या डोळ्यांत राग असता तर बघता आलं असतं.

विहीणबाईंनी पर्स जमिनीवर ठेवली आणि उठल्या. "कुठली खोली?"

मागच्या खोलीत नर्स पट्टी चिकटवत होती. विहीणबाई आत गेल्या, वन्संच्या गादीसमोर उभ्या राहिल्या, दोन्ही हात कपाळाशी नेले आणि गुडघ्यांवर बसत कपाळ थेट जमिनीला टेकवलं. सणावारी थोरामोठ्यांना घालतात तसा दंडवत.

वन्सं धडपडून उठायला लागल्या. बरोबरीच्या माणसानं असा दंडवत घातला आणि आपण पडून राहिलो, तर तो अपमान. इंजेत मेलेला माणूससुद्धा अशा वेळी निदान उठायचा विचार करतो. त्या गादीवरून उतरल्या, पण नळी पुरेना.

"बाटली!" नर्स ओरडली.

बोक-सिलनं झेप घेऊन बाटली खुंटीवरून काढली आणि वर धरली. वन्संनी समोर दंडवत घातला. दोन्ही बायका जमिनीला टेकलेल्या, डोक्याला डोकं.

"लग्नाचं पुढचं सगळं मी तुमच्याशी बोलेन," विहीणबाई जमिनीकडे बघत म्हणाल्या. "तारीख, अहेर, सगळं. तुमच्याशीच."

"माझ्याशी कशाला?" वन्सं तितक्याच खालून म्हणाल्या. "मुलीची आई ही आहे."

विहीणबाईंनी मान वर करून बोक-सिलकडे पाहिलं. मग कपाळ परत खाली टेकवलं, वन्संच्याच दिशेनं.

बोक-सिलचे गुडघे आपोआप वाकले. या घरात आत्ता कुणाला जमिनीला कपाळ लावायचं असेल तर ते तिला होतं.

"अहो बाई, हात वर!" नर्स खेकसली. "खाली आणलात तर नळीत रक्त उलटं चढेल. बाटली संपेपर्यंत हलायचं नाही."

बाटली अजून अर्ध्याहून जास्त भरलेली होती. बोक-सिलनं गुडघे सरळ केले आणि हात पुरेल तितका उंच केला. दारात मामंजी आले, दोक-बे आला, व्याही आले, बादली घेऊन नारे आली. खोलीतल्या सगळ्यांत उंच ती दिसत होती. ती तशीच उभी राहिली, एक हात वर, मान खाली.